अर्ज क्रमांक नऊ मागे घेण्याबाबत

बॉटनी डाउन्स, ऑकलंड
१५ जून

तीर्थस्वरूप लीलाआत्यास,

शिरीषचा साष्टांग नमस्कार. (गेल्या आठवड्यात मागच्या अंगणातल्या ओल्या पायरीवरून घसरलो, उजवा गुडघा जमिनीला टेकत नाही. तेव्हा आज सात अंगांचाच धर, आठवं सूज उतरल्यावर.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे नीता फार्मसीत दिवसभर उभी असते, आरव घरात दिवसभर आडवा असतो आणि मी या दोघांच्या मधे कुठेतरी वाकलेला असतो. तुझी खुशाली विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो, नाहीतर बुधवारी ज्या आठ जणांनी तुला भिंतीएवढ्या पडद्यावर पाहिलं त्यांनी ती मला आपणहून कळवली आहे. तू ठणठणीत आहेस, आवाज खणखणीत आहे. एवढंच कुणाला सांगता आलं नाही की एकाहत्तराव्या वर्षी, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाल्यावर, सातारा सोडून ऑकलंडच्या विद्यापीठात नोकरी धरावी असं तुझ्या डोक्यात कुठून आलं.

फोन करता आला असता. पण फोन तू दोन मिनिटांत 'बिल वाढतंय' म्हणून ठेवून देतेस (या फोनला बिल येत नाही हे मी तुला नऊ वर्षं सांगतोय) आणि त्यातलं दीड मिनिट माझं मराठी दुरुस्त करण्यात जातं. शिवाय ग्लेनिसने मला उमेदवाराशी नोकरीबद्दल बोलायला सक्त मनाई केली आहे. ग्लेनिस म्हणजे आमच्याकडे भरतीचे नियम सांभाळणारी बाई. तिने बोलायला मनाई केली, लिहिण्याबद्दल ती काही म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही. नीताच्या फार्मसीतली श्रिया बुधवारी कोरेगावला माहेरी निघाली आहे, तिच्याबरोबर हे पत्र आणि खोकल्यासाठी इथला मध पाठवतोय. मध रोज एक चमचा घे, आणि पत्र वाचून फाडून टाक.

काम एका ओळीचं आहे. अर्ज मागे घे. पण एका ओळीत लिहिलं तर तू समासात 'कारणे?' असं लाल शाईने लिहून परत पाठवशील, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. यातलं काही तुला माहीत आहे, काही तूच केलेलं आहे, तरी क्रमाने वाच.

मी आयटीतून बाहेर पडून आमच्या विद्यापीठातल्या युवक अभ्यास केंद्राचा व्यवस्थापक झालो, त्याला चार वर्षं झाली. 'व्यवस्थापक' या शब्दाने तुमच्याकडे पेढे वाटले गेले, पण केंद्र म्हणजे तीन खोल्या, एक गळकं छत आणि आमच्या प्रमुख प्राध्यापक वाइमारिए. गेल्या वर्षी या केंद्राला तीन वर्षांचा निधी मिळाला: ऑकलंडमधल्या लॅटिनो वस्तीतली मुलं इथे कशी वाढतात, याचा अभ्यास करायला एक पूर्णवेळ प्राध्यापक नेमायचा. चिले, कोलंबिया, ब्राझील, आणखी कुठून कुठून आलेली कुटुंबं. आईबाप ईस्ट टामाकीच्या गोदामांत पाळ्या करतात आणि मुलं दर गुरुवारी संध्याकाळी आमच्याच बॉटनीतल्या एका हॉलमध्ये जमतात. आईबाप घरी स्पॅनिशमध्ये ओरडतात आणि मुलं इंग्रजीत उत्तर देतात. (हा भाग समजायला मला प्राध्यापकाची गरज नव्हती. आमच्याकडे भाषा तेवढी वेगळी आहे.) अट एकच होती. तीस जूनच्या आत माणूस नेमला नाही, तर निधी परत. निधी परत गेला की गुरुवारचा हॉल बंद, तीन खोल्या बंद, आणि व्यवस्थापक पुन्हा लोकांचे पासवर्ड बदलून द्यायला मोकळा.

आता तुला वाटेल, एक प्राध्यापक नेमायचा त्यात काय आहे. तुमच्या कॉलेजात प्राचार्य दीनानाथ सरांनी दोन दिवसांत नेमला असता. इथे पहिल्या दोन बैठका लॅटिनो कुणाला म्हणायचं यावरच झाल्या. ब्राझीलची मुलं पोर्तुगीज बोलतात, मग ती धरायची की नाही? एका गृहस्थांनी त्यावर नकाशा आणला, दुसऱ्यांनी इतिहास आणला. शेवटी वाइमारिए वैतागून म्हणाली की मुलांनाच विचारा. मुलांनी सांगितलं, ब्राझीलवाले फुटबॉल चांगला खेळतात, ते हवेतच. हा निर्णय तीन महिन्यांनी इतिवृत्तात नोंदवला गेला, तो सुद्धा 'समाजाशी सल्लामसलतीनंतर' असा.

पहिल्या फेरीत तीन जण निवडले. कॅलिफोर्नियातले एक विद्वान सगळं मान्य करून घर बघायला आले, आणि त्यांच्या बायकोने जुलैच्या थंडीत एका भाड्याच्या घराच्या भिंतीवरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. ती दोघं विमानतळावरूनच नकार कळवून गेली. दुसऱ्या बाईंनी मुलाखतीत चौऱ्याहत्तर पानांचं सादरीकरण केलं, त्यात 'युवक' हा शब्द तीनशे वेळा होता, आणि मधेच आमची मुलं खोलीत आली तेव्हा त्यांनी विचारलं की ही कोणाची मुलं आहेत, त्यांना बाहेर बसवता येईल का. तिसरे इथलेच, फार भले. त्यांना पत्र दिलं, त्यांनी सही केली, आम्ही केक कापला, आणि सोमवारी ते मेलबर्नला गेले. इथे कोणी चांगला माणूस मिळाला की तो ऑस्ट्रेलियाला जातो. त्याला कोणी वाईटही म्हणत नाही. हवा बिघडली असं म्हणावं तसं 'ऑस्ट्रेलिया' म्हणतात आणि चहा ओततात.

मग एप्रिलमध्ये दुसरी जाहिरात काढली. इथे माझी चूक झाली, ती मी कबूल करतो. ती जाहिरात मी आपल्या 'चिरमुले परिवार' ग्रुपवर टाकली. कशाला टाकली? तर रमणदादाने आदल्या दिवशी त्याच्या नव्या गाडीचे अकरा फोटो टाकले होते. गाडीपुढे जाहिरात ठेवावी, त्याखाली माझं नाव आणि हुद्दा दिसावा, एवढाच हेतू. आणि नुसती टाकली तर मिरवल्यासारखं दिसेल, म्हणून खाली लिहिलं, 'आपल्या माहितीत योग्य उमेदवार असल्यास जरूर अर्ज करण्यास सांगावे.' आत्या, हे म्हणायचं असतं. दारातल्या माणसाला 'जेवूनच जा' म्हणतात, तसं. तो 'नको, घरी स्वयंपाक झालाय' म्हणतो आणि दोघंही सुटतात. आजवर आपल्या घराण्यात असल्या निमंत्रणावर कोणी पाटावर येऊन बसलं नव्हतं. ग्रुपवर चाळीस अंगठे आले, रमणदादाने हात जोडलेलं चित्र टाकलं, आणि तू काहीच टाकलं नाहीस. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

अर्ज आले एकवीस. आमच्याकडे पहिली चाळणी डोळे झाकून करतात. म्हणजे उमेदवाराचं नाव, वय, स्त्री की पुरुष, देश, कॉलेज, सगळं झाकायचं आणि मग गुण द्यायचे, म्हणजे पक्षपात होत नाही. झाकायचं काम ग्लेनिसचं. ग्लेनिस कामाला चोख आहे. तिने काळा मार्कर घेतला आणि ज्यावरून काही म्हणून कळेल ते सगळं पुसलं. अर्ज क्रमांक नऊ एकतीस पानांचा होता, त्यातली अकरा काळी झाली. उरलेल्यात अशी वाक्यं होती: 'मी दोन वर्षं काळं-काळं-काळं येथे एका गल्लीत राहिले', त्यातलं 'राहिले' सुद्धा इंग्रजीत असल्याने बाई की बुवा ते कळायला मार्ग नाही, 'तेथील मुलांची मंडळे कशी चालतात हे पाहिले, आणि त्यांच्या आयांनी मला काळं-काळं करायला शिकवले.' (ग्लेनिसने पदार्थाचं नाव सुद्धा झाकलं. नंतर विचारलं तर म्हणाली, खाण्यावरून माणूस ओळखता येतो. तिचं काही चूक नाही.) तू चौऱ्याऐंशी साली शिष्यवृत्तीवर मेक्सिकोला गेली होतीस हे मला माहीत आहे, पण घरात त्याचा उल्लेख नेहमी 'लीला मेक्सिकोला गेली आणि लग्न राहिलं' एवढाच झाला. तिथे तू काय केलंस ते मला कोणी कधी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कधी विचारलं नाही.

मी क्रमांक नऊ वाचायला घेतला आणि मान ताठ करून बसलो. का ते तेव्हा कळलं नाही. पहिल्याच पानावर उमेदवाराने लिहिलं होतं की आपल्या जाहिरातीत तीन चुका आहेत, दुरुस्त प्रत सोबत जोडली आहे, आणि 'युवक विकास' म्हणजे काय याची व्याख्या जाहिरातीत कोठेही नाही, ती आधी करावी. मला घाम फुटला. मग वाटलं, वा, काय दर्जा आहे! मी मनात त्याला अर्जेंटिनाचा एक पस्तिशीचा तडफदार तरुण ठरवून टाकलं, दाढीसकट. पन्नासपैकी एकोणपन्नास दिले. एक कापला, कारण पैकीच्या पैकी कोणाला द्यायचे नसतात असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं आहे. (कोणी बसवलं ते सांगायला नको.) बैठकीत मी नऊ नंबरसाठी वीस मिनिटं बोललो. मी आजवर त्या बैठकीत छताशिवाय कशावरही बोललो नव्हतो. सगळ्यांना ते पटलं. मग ग्लेनिसने लिफाफा उघडला आणि चष्मा पुसून वाचलं, 'डॉक्टर लीला चिरमुले, सातारा,' आणि माझ्याकडे बघून विचारलं की हे आडनाव तुमच्याकडे कॉमन आहे का.

आत्या, त्यानंतरचे दोन आठवडे मी काय भोगलं ते मला माहीत. हितसंबंध जाहीर करायचा एक फॉर्म असतो. त्यात नात्याचे रकाने आहेत: पतीपत्नी, अपत्य, भावंड, धंद्यातला भागीदार. आत्या नाही. 'इतर' खाली तीन ओळी होत्या, त्यात मी लिहिलं: वडिलांची थोरली बहीण, आई आजारी असताना पाचवी ते सातवी हिच्याकडे राहिलो, पाढे हिनेच करून घेतले. ग्लेनिसने विचारलं, ही व्यक्ती तुमच्यावर दबाव आणू शकते का? मी खरं ते सांगितलं. झालं, मला निवड समितीतून काढलं, फाइल काढून घेतली, आणि तुझ्या मुलाखतीच्या दिवशी कॉरिडॉरमध्ये बसवलं. मी ज्या पदाची जाहिरात लिहिली, जिच्यात तीन चुका केल्या, त्या पदाच्या मुलाखतीला मी बाहेर, प्रिंटरशेजारी. येणारे जाणारे 'किया ओरा', म्हणजे इथला नमस्कार, म्हणत होते आणि शाई संपलीय का विचारत होते.

आत काय झालं ते मला वाइमारिएने सांगितलं, ग्लेनिसने सांगितलं, आणि गुरुवारच्या हॉलमध्ये मुलाखतीला बसलेल्या पाचही पोरांनी साभिनय सांगितलं. इथे मुलाखतीची सुरुवात माओरी पद्धतीने स्वागताने होते. घरचे दोन शब्द बोलतात, पाहुण्यांकडचे बोलतात, मग गाणं. उमेदवाराने आधाराला आपला फानाउ, म्हणजे आपली माणसं, सोबत आणावी असं पत्रात लिहिलेलं असतं. बाकीचे उमेदवार कोणाला आणत नाहीत, फार तर बायको. तू मंदाला शेजारी बसवलंस! तुझ्याकडे स्वयंपाक करणारी मंदा, डोक्यावरून पदर घेऊन, आमच्या विद्यापीठाच्या पडद्यावर! आणि ती म्हणे चांगली चार मिनिटं मराठीत बोलली. कोणाला अक्षर कळलं नाही आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मग यांनी गाणं म्हटलं, तर उत्तरादाखल तुम्ही दोघींनी सुद्धा म्हटलं. कॉरिडॉरमध्ये मला तुझा आवाज ऐकू आला. भोंडल्याचं गाणं, आत्या? जून महिन्यात?

नंतर मुलांची पाळी. आमच्याकडे मुलं स्वतः उमेदवाराला प्रश्न विचारतात आणि गुण देतात, आणि आजवर त्यांनी कोणाला पाचाच्या वर दिले नव्हते. त्यांची म्होरकी येसेनिया, सतरा वर्षांची, कोलंबियाची, तिच्यापुढे मोठमोठे गळपटतात. तू म्हणे तिने तोंड उघडायच्या आत पाचही जणांना नावं विचारलीस, ती लिहून घेतलीस, प्रत्येकाला घरी कोण कोण असतं ते विचारलंस, आणि येसेनियाला तोंडातलं च्युइंगगम काढून मग बोलायला सांगितलंस. हे सगळं चाळीस वर्षांपूर्वीच्या मेक्सिकोतल्या गल्लीच्या स्पॅनिशमध्ये. पोरं हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती, आणि येसेनियाने च्युइंगगम काढलं. मग तिने ठेवणीतला प्रश्न विचारला, ज्यावर सगळे आपटले होते: आमचा अभ्यास करून तुम्हाला काय सापडणार? तू म्हणालीस, ते माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता? दहापैकी दहा. पाचही जणांनी. एकाने अकरा लिहिले होते, ते ग्लेनिसने खोडले.

थोडक्यात, सोमवारी समिती बसणार आणि पहिलं नाव तुझं असणार. आता मी तुला शांतपणे विचारतो. तू इथे येऊन काय करणार? इथे सहा महिने पाऊस आणि सहा महिने वारा असतो. घरं आतून बाहेरच्यापेक्षा थंड असतात. बस अर्ध्या तासाने येते, कधी कधी तिचा विचार बदलतो. चांगली कोथिंबीर हवी तर गाडी काढून पार सँडरिंगहॅमला जावं लागतं आणि पार्किंग मिळत नाही. माझं काय होईल ते तू मनात आणलंस का? माझी सगळी इतिवृत्तं तुझ्यापुढे येतील. तू ती तपासशील. लोक म्हणतील, मॅनेजरने आत्या चिकटवली. तोंडावर म्हणणार नाहीत, इथे तोंडावर 'स्वीट ॲज', म्हणजे 'छानच की', म्हणतात आणि पाठीमागे फॉर्म भरतात. चार वर्षं घासून मी इथे जरा नाव मिळवलं, ते एका अर्जात गेलं. घरी आरवला सांगायला गेलो, तर तो मान वर न करता म्हणाला, "डॅड, शी इज हीप्स क्वालिफाइड. व्हॉट्स युअर प्रॉब्लेम?" पोराला मराठी कळतं, बापाचं दुःख तेवढं कळत नाही.

आणि तुझ्याशिवाय अडणार आहे असंही नाही. दुसऱ्या क्रमांकाला वेलिंग्टनचे डॉक्टर बेन्हामिन आहेत. चिलेत जन्मलेले, शांत, वक्तशीर, खिचडीसारखे, कोणाला बाधणार नाहीत. मुलांनी त्यांना चार दिले, पण चार म्हणजे काही वाईट नाही. तू मागे घेतलंस की ते येतील, निधी राहील, हॉल राहील, माझी लाज राहील. तुला हौसच असेल तर ऑनलाइन व्याख्यान दे एखादं, मी बघतो काही जमतं का ते. पण अर्ज मागे घे. मोठ्यांना सांगू नये, पण सांगतो: या वयात असले उद्योग शोभत नाहीत. हे वाक्य दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं. मंदाला नमस्कार सांग. बाकी सर्व ठीक.

तुझा आज्ञाधारक (हे शेवटचं),
शिऱ्या

ता. क. (सोमवार) पत्र लिहून बंद केलं होतं, ते उघडावं लागलं. आज सकाळी ग्लेनिसला तुझी मेल आली, तू अर्ज मागे घेतलास. नीताने शनिवारी तुला फोन केला होता म्हणे, आणि शिरीष फार त्रासलाय असं तिच्या तोंडून गेलं म्हणे. मेलमध्ये तू कारण लिहिलं आहेस, 'भाच्याची अडचण होऊ नये.' आणि खाली, जाहिरातीत चौथी चूकही सापडल्याचं कळवलं आहेस. मला एकदम हायसं वाटलं. माझं काम न सांगता झालं. हे पत्र फाडूनच टाकणार होतो, पण सहा पानं हाताने लिहिलेली, जिवावर आलं.

ता. क. २ (सोमवार, दुपार) डॉक्टर बेन्हामिन ब्रिस्बेनला गेले.

आता मी तुला काय लिहू? चौदा दिवस राहिले आहेत. समितीत कोणी कोणाकडे बघत नाही. येसेनियाने मला मेसेज केलाय, त्याचं भाषांतर करत नाही, तू येऊन तिच्याकडून करून घे. वर जे काही लिहिलं आहे ते वाचू नकोस. वाचलंच असशील तर पावसाबद्दलचं तेवढं खरं आहे, बाकीचं रागात लिहिलेलं आहे. तू अर्ज मागे घेतलास, तो मागे घेतलेला अर्ज मागे घे. ग्लेनिस म्हणते, उमेदवाराने शुक्रवारपर्यंत लेखी कळवलं तर नियमात बसतं. तिने हे मला सांगायला नको होतं. तिने ते प्रिंटरला सांगितलं, मी शेजारी उभा होतो.

ता. क. ३ (मंगळवार) हे लिहायचं नव्हतं. पण काल ता. क. २ पुन्हा वाचलं तर असं दिसतं की मला निधी जातोय म्हणून तू हवीस. तसं नाही, म्हणून लिहितो.

काल संध्याकाळी वाइमारिएने मला बोलावलं आणि मुलाखतीच्या चित्रफितीतलं मंदाचं भाषण लावलं. दप्तरी भाषांतर लागतं, आणि आमच्या इमारतीत मराठी कळणारा मी एकटा. हितसंबंध जाहीर केलेले असोत की नसोत. तेव्हा ऐकलं. मंदा म्हणते, "मी बाईंकडं सतरा वर्सं सैपाक करते. त्यांनी मला सही शिकवली, माझ्या पोरीला बारावी पास केली. आदी गल्लीतली पोरं यायची संध्याकाळी. आता सगळी क्लासला जात्यात, बाईंकडं कुणी येत नाही. तरी चार वाजले की बाई उठून फळा पुसत्यात. त्यावर काय लिवलेलं नसतंय. कोराच फळा रोज पुसत्यात. तुमच्याकडं पोरं असली तर त्यांना न्या. त्यांचा भाचा हाय तिकडं, पर त्याला सांगू नका म्हणाल्यात. त्याला वाटंल, त्याच्यासाठी येत्यात."

वाइमारिए वही घेऊन बसली होती. मी सांगितलं, उमेदवार वक्तशीर आहे असं या बाई म्हणतात. एवढंच, चार मिनिटांत? तिने विचारलं. मी म्हटलं, आमची भाषा जरा लांबण लावते. मग मी बाहेर जाऊन गाडीत बसलो. आत्या, मला फार लाज वाटली. तुझ्या घरात तीन वर्षं मी त्याच फळ्यासमोर बसलो, आणि तो आता कोरा असतो हे मला मंदाने परक्या लोकांना सांगितलेलं ऐकून कळलं. दोन मिनिटांचा फोन तू ठेवतेस असं मी सगळ्यांना हसून सांगतो. मीही दुसऱ्या मिनिटाला घड्याळ बघत असतो, ते सांगत नाही.

वाइमारिएशी मी आज बोललो. लॅटिनो प्रकल्पाचं काम दुसरं कोणी बघेल, मी छत आणि पार्किंग बघेन. व्हिसाचं ग्लेनिस करेल. नोकरी झाली तर उत्तम, नाही झाली तरी मागची खोली तुझी आहे. आरवने स्वतःहून त्यातले आपले बूट हलवले, आणि हे त्या पोराने आजवर कशासाठी केलेलं नाही. श्रिया शुक्रवारी सकाळीच तुझ्याकडे येईल. तुझी मेल ग्लेनिसला गेल्याशिवाय दारातून हलायचं नाही असं तिला सांगून ठेवलंय, तेव्हा तिला नुसता चहा देऊन वाटेला लावू नकोस.

आणि मंदाला म्हणालीस ना, मला वाटेल तू माझ्यासाठी येतेस? वाटू दे की गं, आत्या.